कुलाबा स्टेशन: भरावावर आलं, भरावापायी गेलं

टॅक्सीवाल्याला ‘बधवार पार्क’ सांगा, तो मान डोलावून ‘बुधवार पार्क’ म्हणणार. 26/11 नंतर बातम्यांतही कित्येकदा तसंच छापून आलं: अतिरेकी बुधवार पार्कसमोरच्या मच्छीमार कॉलनीत उतरले. आठवड्यातल्या बुधवारचा इथे काही संबंध नाही. फत्तेचंद बधवार हे रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष, त्यांचं नाव या वसाहतीला आहे. कफ परेडच्या तोंडावर, कोळ्यांच्या होड्यांसमोर, पश्चिम रेल्वेच्या बड्या अधिकाऱ्यांची ही वसाहत.

आता गंमत बघा. रेल्वे कॉलनी म्हटली की शेजारी रूळ असायचेच. माटुंगा घ्या, परळ घ्या, वांद्रे घ्या. रात्री दोनला मालगाडी गेली की कॉलनीतल्या खिडक्या थरथरतात. बधवार पार्कला मात्र थरथर नाही, हॉर्न नाही. सगळ्यात जवळचे पश्चिम रेल्वेचे रूळ चर्चगेटला, म्हणजे दोनेक किलोमीटर लांब. मग शहरातल्या सर्वांत महागड्या भागातली ही एवढी जागा रेल्वेकडे आली कुठून?

याचं उत्तर असं की एके काळी रेल्वे इथपर्यंत येत होती. जिथे आज अधिकाऱ्यांची मुलं सायकल चालवतात, तिथे कुलाबा टर्मिनस होतं. बीबीसीआयचं, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं शेवटचं स्टेशन. 31 डिसेंबर 1930 ला ते बंद झालं. का बंद झालं हे सांगायला स्टेशनपेक्षा समुद्रच जास्त समजावून घ्यावा लागतो, कारण हे स्टेशन एका फसलेल्या भरावामुळे आलं आणि दुसऱ्या फसलेल्या भरावामुळे गेलं.

(एक खुलासा आधीच करतो. जुन्या कागदांत ‘कुलाबा’ दिसलं की प्रत्येक वेळी तो मुंबईचाच असेल असं नाही. अलिबागचा किल्लाही कुलाबा, आणि आजचा रायगड जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा जिल्हाच होता. मी स्वतः एकदा अर्धा तास जिल्ह्याच्या कुलाब्याची माहिती वाचत बसलो होतो.)

पहिला भराव 1860 च्या दशकातला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग त्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं आणि कापसाचे भाव असे चढले की शहरात पैशाचं काय करायचं हाच प्रश्न पडला. निघाल्या कंपन्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅकबे रिक्लेमेशन कंपनी. गिरगाव चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचा जो अर्धवर्तुळाकार उपसागर, ज्याला आपण आज मरीन ड्राइव्हचा समुद्र म्हणतो, तो बॅकबे. त्याच्या काठाला भराव घालायचा, जमीन काढायची, विकायची. शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने फिरू लागला. या सगळ्या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद. आईच्या नावाने त्यांनी बांधून दिलेला राजाबाई टॉवर ओव्हल मैदानाच्या कडेला अजून घंटा देतो.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं. कापूस कोसळला, 1 जुलैला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा अर्ध्या मुंबईचं दिवाळं निघालं. बॅकबे कंपनीही बुडाली. मागे उरली किनाऱ्याला लागून भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी.

रेल्वेला नेमकी अशीच पट्टी हवी होती. बीबीसीआयची पहिली लाइन सुरू झाली गुजरातेत, 1860 साली अंकलेश्वर-उत्राण अशी, आणि मुंबईत ती 1864 च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला येऊन थांबली होती. ग्रँट रोड तेव्हा शहराच्या बाहेरच म्हणायचं. व्यापार सगळा कोटात, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये, गोद्या त्याच्याही पलीकडे. पण पुढे न्यायची कुठून? मधे गिरगाव, काळबादेवी, दाटीवाटीची वस्ती. घरं पाडत जाण्यापेक्षा समुद्राच्या कडेने जाणं स्वस्त आणि बिनतक्रारीचं. म्हणून आजही चर्नी रोडपासून चर्चगेटपर्यंत आपली लोकल समुद्र धरून धावते. फरक इतकाच, की तेव्हा रुळांच्या पश्चिमेला थेट पाणी होतं. मरीन ड्राइव्ह नव्हतं, त्यावरच्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती नव्हत्या. मरीन लाइन्स या नावातला ‘मरीन’ हा मरीन बटालियनचा, ‘लाइन्स’ म्हणजे त्यांच्या लष्करी बराकी. रेल्वेलाइनीशी त्याचा संबंध नाही, पण भरतीच्या वेळी त्या स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाला नाव बरोबरच वाटत असणार.

12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईसाठी पहिली उपनगरी गाडी निघाली. दिवसाला एक. सकाळी 6:45 ला विरार सोडायची, संध्याकाळी 5:30 ला परत निघायची. विरारकरांना एवढं वाचून हुंदका येईल, म्हणून इथेच थांबतो. त्या गाडीचं शेवटचं स्टेशन ‘बॅकबे’, तेही आता नाही. वाटेत ‘पाणजू’ नावाचं स्टेशन होतं, वसई खाडीतल्या बेटावरचं, तेही नाही. गोरेगावला तेव्हा ‘पहाडी’ म्हणत. 1870 साली चर्चगेट सुरू झालं, आणि 1873 साली लाइन आणखी दक्षिणेला सरकून कुलाब्याला पोचली.

कुलाब्यालाच का, हे कळायला एक वेगळं स्टेशन आठवा: हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन. तिथे उतरल्यावर कापूस दिसत नाही आणि हिरवळही नाही. मूळ कॉटन ग्रीन होतं कोटात, सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानात. गुजरातेतून, वऱ्हाडातून आलेल्या कापसाच्या गाठी तिथे उघड्यावर रचून ठेवत. 1844 साली हा बाजार कुलाब्याला हलवला. कारण 1838 मध्ये कॉजवे, म्हणजे पाण्यातून काढलेला रस्ता, झाला होता, त्यामुळे कुलाब्याचं बेट भरतीतही मुंबईशी जोडलेलं राहू लागलं होतं आणि तिथे मोकळी जागा पडून होती. पुढे 1875 मध्ये जवळच ससून डॉक झाला. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भरुच, सुरतकडचा कापूस बीबीसीआयच्या वाघिणीत चढतो तो थेट कुलाब्याच्या बाजारात उतरतो, आणि तिथून हाकेच्या अंतरावर जहाज. मधे बैलगाडी फार तर काही मिनिटांची. रेल्वेच्या मालवाहतुकीच्या दृष्टीने याहून सोयीचा शेवट नाही. 1920 च्या दशकात हा बाजार शिवडीकडे गेला, जाताना नाव बरोबर घेऊन गेला, आणि हार्बरच्या स्टेशनालाही तेच चिकटलं.

माणसांसाठी कुलाबा म्हणजे हवा खायची जागा. पश्चिमेचा वारा, समोर मावळतीचा समुद्र. 1896 साली स्टेशनची नवी, पक्की इमारत झाली. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि कोंदट वस्तीपेक्षा मोकळ्या हवेची किंमत शहराला नव्याने कळली. प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रस्ते काढले आणि कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्याला भराव घालून कफ परेडही केलं. ‘परेड’ म्हणजे कवायत नव्हे. समुद्राच्या कडेने रमतगमत फिरण्याचा रस्ता. एका बाजूला पाण्याकडे तोंड केलेले बंगले, दुसऱ्या बाजूला लाटा. म्हणजे कुलाब्याला उतरणाऱ्यांत कापसाचे दलाल होते, लष्करी छावणीतले गोरे होते, आणि संध्याकाळी नुसतेच समुद्रावर फिरायला आलेलेही होते. आज कफ परेडला उभं राहून समुद्र शोधावा लागतो. 1960-70 च्या भरावात तो आणखी पुढे ढकलला गेला, फक्त मच्छीमारनगरच्या बाजूला तेवढा जाळ्यांच्या आणि सुकत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे दिसतो.

1920 चं दशक हे या स्टेशनचं वैभवाचं दशक, आणि शेवटचंही. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला फ्रंटियर मेल निघाली, कुलाबा ते पेशावर. वायव्य सरहद्दीपर्यंत जाणारी, त्या काळातली सर्वांत रुबाबदार गाडी. हीच आज मुंबई सेंट्रलहून अमृतसरला जाणारी गोल्डन टेंपल मेल. म्हणजे कुलाब्याच्या फलाटावर एका बाजूला बोरिवलीची लोकल आणि दुसऱ्या बाजूला खैबर खिंडीच्या दाराशी जाणारी मेल, असं दृश्य होतं. ते टिकलं सव्वादोन वर्षं. विजेच्या तारा तीन वर्षंसुद्धा पुऱ्या झाल्या नव्हत्या तेव्हा उतरवल्या.

नव्या तारा ओढलेलं स्टेशन कोणी बंद करतं का? इथे दुसरा भराव येतो.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, 1920 मध्ये, सरकारने बॅकबेची योजना पुन्हा काढली. या वेळी कंपनी नाही, खुद्द सरकार. 1,145 एकर जमीन समुद्रातून काढायची, तिचे आठ भाग करायचे, विकायचे. पद्धत अशी: समुद्रात लांबलचक दगडी भिंत घालायची, मग गाळ उपसणाऱ्या जहाजाने, म्हणजे ड्रेजरने, बंदरातला गाळ खेचून मोठ्या नळांतून भिंतीच्या आत सोडायचा. पाणी निथळतं, गाळ बसतो, जमीन तयार होते. ज्यांनी गावाकडे विहिरीचा गाळ शेतात टाकलेला पाहिलाय त्यांना हे कळेल, फक्त इथे शेत समुद्रात होतं.

ते काही जमलं नाही. ड्रेजरला अंदाजाइतका गाळ मिळेना, मिळाला तो बारीक, आणि भिंत अशी की आत सोडलेला गाळ फटींतून पुन्हा समुद्रात. मुंबईकर आपला पैसा समुद्रात वाहताना अक्षरशः पाहत होते. या प्रकाराला ‘लॉइड्स फॉली’, लॉइडसाहेबाचा वेडेपणा, हे नाव पडलं. खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, आणि बाहेर हे प्रकरण लावून धरलं. योजनेवरच्या हार्वे नावाच्या इंग्रज इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, 1928 मध्ये नरिमन त्यातून निर्दोष सुटले. पुढे स्वातंत्र्यानंतर याच बॅकबेत भराव घालून जो भाग केला त्याला नाव दिलं नरिमन पॉइंट. भरावातला घोळ उघडा पाडणाऱ्याच्या नावाने भराव! मुंबईच्या विनोदबुद्धीला तोड नाही.

चौकशी झाली, योजना कापली, आठपैकी चारच भाग पुरे करायचं ठरलं: 1, 2, 7 आणि 8. त्यातला कुलाब्याकडचा मोठा तुकडा लष्कराने घेतला. उरली चर्चगेटच्या आसपासची जमीन. आता ती विकून जेवढा खर्च भरून निघेल तेवढा काढायचा होता, आणि मधे आडवी होती रेल्वे.

रुळांची लाइन ही शहराला भिंतच असते. दादरला पूर्वेहून पश्चिमेला जायला आपण जिने चढतो-उतरतो ते आठवा. चर्चगेटच्या दक्षिणेला ही भिंत ओव्हलच्या पश्चिमेकडून कुलाब्याकडे जात होती. तोवर त्यात काही अडचण नव्हती, कारण भिंतीपलीकडे समुद्र होता आणि समुद्रावर कोणाला रोज जा-ये करायची नव्हती. भराव झाल्यावर पलीकडे विकायचे प्लॉट आले. प्लॉट घेणारा विचारणार: कोटातल्या ऑफिसात जायला मला फाटक उघडायची वाट बघावी लागणार का? आणि घरासमोरून इंजिनाचा धूर जाणार का? शिवाय रुळांखालची जमीनही आता किनाऱ्याची राहिली नव्हती, ऐन शहरातली झाली होती. सरकारने रेल्वेला सांगितलं, चर्चगेटपलीकडची लाइन काढा.

इथवर सगळं जमिनीचं झालं. पण रेल्वेच्या बाजूनेही एक हिशेब होता, तो समजला की चर्चगेट आज असं का दिसतं तेही समजतं.

शेवटचं स्टेशन, म्हणजे जिथे रूळ संपतात, ही मोठी खर्चिक वस्तू. कोळशाच्या इंजिनाची गाडी आत आली की इंजिन बफरच्या, म्हणजे रुळांच्या टोकाला असलेल्या अडसराच्या, बाजूला अडकतं. ते सोडवायला शेजारी मोकळा रूळ लागतो, फिरवायला टर्नटेबल, मग कोळसा, पाणी. डबे धुवायला, जोडायला, उभे करायला यार्ड. एक लांब पल्ल्याची गाडी परत निघायच्या आधी तासन्‌तास जागा अडवते. विजेच्या लोकलचं तसं नाही. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन. गाडी थांबते, एका टोकाचा मोटरमन उतरतो, दुसऱ्या टोकाला दुसरा चढलेला असतो, सिग्नल पडला की तीच गाडी उलटी निघते. संध्याकाळी सहाच्या चर्चगेटला पाहा: गाडी थांबायच्या आधीच लोक उड्या मारून खिडक्या पकडतात, आणि चार-पाच मिनिटांत ती गाडी विरारच्या वाटेला लागलेली असते. चर्चगेटला आज चारच फलाट आहेत, आणि ते भागतं, ते यामुळेच.

म्हणून गाड्यांची वाटणी झाली. लोकल चर्चगेटला संपणार, मेल-एक्स्प्रेस आणखी उत्तरेला, जिथे यार्डासाठी जागा आहे तिथे. त्यासाठी बेलासिस रोडपाशी नवं स्टेशन बांधलं: बॉम्बे सेंट्रल. आराखडा क्लॉड बॅटली यांचा, बांधकाम शापूरजी पालनजींचं, 21 महिन्यांत पुरं. 18 डिसेंबर 1930 ला उद्घाटन झालं आणि त्यानंतर तेराव्या दिवशी कुलाबा बंद. वर्षाच्या शेवटच्या रात्री बंद करायचं, म्हणजे 1 जानेवारीपासून वेळापत्रक नवीन. कारकुनी सोय, बाकी काही नाही.

कुलाबेकरांचं काय? त्यांना ट्राम होती. मुंबईची पहिली, घोड्यांची ट्राम 1874 मध्ये कुलाबा ते पायधुणी अशीच धावली होती, 1907 पासून ती विजेवर आली. शहराची पहिली मोटारबससुद्धा 15 जुलै 1926 ला कुलाब्याच्या अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला सुटली. माझं मत विचाराल तर कुलाबा स्टेशनला बसचा धक्का रेल्वे अधिकाऱ्यांच्या लक्षात येण्याआधीच लागला असावा. कोटात नोकरीला येणारा माणूस तसाही चर्चगेटलाच उतरत होता. पुढच्या दोन किलोमीटरसाठी दाराशी बस येत असेल तर स्टेशनपर्यंत चालत कोण जाणार? फक्त सामान घेऊन पेशावरला निघालेल्या माणसाची गैरसोय झाली. त्याला आता आधी बॉम्बे सेंट्रल गाठावं लागे.

आणि जी जमीन मोकळी व्हावी म्हणून हे सगळं केलं, ती विकायला निघाली तेव्हा जगभर मंदी. प्लॉट हळूहळू उठले. ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग 1930 च्या दशकात उभी राहिली, चर्चगेट स्टेशनासमोरचा इरॉस सिनेमा 1938 साली. 2018 मध्ये या इमारतींना आणि ओव्हलच्या पूर्वेकडच्या गॉथिक इमारतींना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. फसलेल्या भरावाच्या मानाने वाईट नाही.

चर्चगेटला रूळ जिथे संपतात तिथे एकदा गर्दी नसताना उभे राहा. बफर, त्यामागे फलाट, मग स्टॉल, मग सबवेकडे जाणारे लोक. गाडीचं नाक बरोबर दक्षिणेकडे, कुलाब्याकडे असतं. जून 2015 मध्ये एक लोकल थांबलीच नाही, बफर ओलांडून फलाटावर चढली. काही जण जखमी झाले, सुदैवाने कोणी दगावलं नाही. चर्चगेटच्या दक्षिणेला लोकल जाण्याचा 1930 नंतरचा प्रसंग माझ्या माहितीत एवढाच.

ऑक्टोबर 2025 पासून मात्र कफ परेडला पुन्हा गाडी येते. मेट्रो 3, आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, दक्षिणेकडची सगळी जमिनीखालून. फाटक नाही, धूर नाही, आणि वरच्या प्लॉटचा भाव कमी होण्याऐवजी वाढतो. चर्चगेट आणि कफ परेडच्या मधे एकच स्टेशन, विधान भवन. मी मुद्दाम एकदा बसून आलो. कफ परेडला वर येऊन बधवार पार्कच्या दिशेने चालत गेलो, तर वारा तोच खारा, होड्या तिथेच. येताना चर्चगेटला लोकल पकडायची होती, माझ्याकडे पास होता, पण मेट्रोला तो चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. 1930 साली बोरिवलीला काढलेलं तिकीट कुलाब्यापर्यंत चालायचं.